रूपांतरित कोल्ट रिव्हॉल्वर व त्याचें काडतूस

अमेरिकेंतील कोल्टचें १८५१ चें 'नेव्ही' रिव्हॉल्वर मुळांत टोपीचें. दारू व गोळी पुढून ठासावी लागे. चक्रांतील आरपार घरांविषयींचें रॉलिन व्हाइटचें १८५५ चें पेटंट १८६९ मध्यें संपलें, व अशा हत्यारांचें काडतुशी रूपांतर सुरू झालें. नळीचा व्यास मात्र सुमारें ०.३७५ इंचच राहिला. म्हणून तत्कालीन गोळीचें अंग नळीइतकें जाड ठेवून केवळ बूड पुंगळींत बसेल इतकें बारीक करीत. आजची '३८' ची गोळी ०.३५८ इंचांची, ती नळीचे पेच धरीत नाहीं. पोकळ बुडाची मऊ शिशाची गोळी स्फोटानें फुलून तें काम करते. दारू काळीच हवी. धूररहित दारूचा दाब जुन्या लोखंडास सोसत नाहीं. सारांश, संग्राहकानें प्रथम नळी मोजावी. नांवांतील आंकडा हा पुरावा नव्हे.