खंड्या : कर्जत-खालापूर परिसरातील शोध व निरीक्षण

खंड्या किंवा धीवर हे ॲल्सेडिनिडी कुलातील पक्ष्यांचे सामान्य नाव. देहाच्या मानाने मोठे डोके, लांब व सरळ चोच, आखूड पाय आणि बुडाशी एकमेकांस जुळलेली पुढची बोटे ही या कुलाची लक्षणे होत. प्रस्तुत नोंद रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांपुरती मर्यादित असून, पक्षी कोठे शोधावा आणि त्याच्या नित्यक्रमास धक्का न लावता तो कसा न्याहाळावा, एवढाच तिचा विषय आहे.

सह्याद्रीच्या कड्याखाली उल्हास उत्तरेकडे वळून वसईच्या खाडीस मिळते, तर पाताळगंगा पश्चिमेचा मार्ग धरून धरमतरच्या खाडीकडे जाते. कोकणातील अंतर्भागाच्या नद्या होळीपर्यंत डोहांपुरत्या उरतात हा सामान्य नियम. परंतु घाटमाथ्यावरील जलाशयांचे पाणी नळांतून खाली आणून वीज निर्माण करणारी टाटांची वीजगृहे खोपोलीस १९१५ साली व भिवपुरीस १९२२ साली सुरू झाली, आणि त्या पाण्याचा निकास अनुक्रमे पाताळगंगेत व उल्हासला मिळणाऱ्या पेज नदीत होत राहिल्यामुळे या दोन प्रवाहांना वैशाखातही वाहते पाणी असते. मासे टिपून जगणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने वीजगृहांचा हा उपकार थोडाथोडका नव्हे. निरीक्षकाने मात्र हेही ध्यानात ठेवावे, की वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानुसार पाण्याची पातळी चढत-उतरत असते आणि सकाळी कोरडा असलेला खडक दुपारी पाण्याखाली जाऊ शकतो.

परिसरात सर्वाधिक दिसणारा तो पांढऱ्या छातीचा, तपकिरी डोक्याचा व तांबड्या चोचीचा नुसता ‘खंड्या’. त्याला पाण्याची गरज बेताचीच. भातखाचराच्या बांधावर, विजेच्या तारेवर, भात निघाल्यानंतर वाल पेरलेल्या शेताच्या कडेला बसून तो टोळ, खेकडे, सरडे यांवर निर्वाह करतो आणि आपल्या कर्कश आवाजाने स्वतःच आपला ठावठिकाणा जाहीर करतो. काळ्या-पांढऱ्या अंगाचा कवड्या खंड्या मोठ्या उघड्या पाण्यावर, म्हणजे मोरबे धरणासारख्या जलाशयांवर, हवेत एका जागी पंख फडफडवीत ठरतो व मग खाली झेपावतो. घोंगी खंड्या आकाराने सर्वांत मोठा, चोच लालभडक; दाट झाडीच्या डोहांवर तो दिसण्याआधी बहुधा ऐकू येतो. या तिघांस शोधण्यात विशेष कसब लागत नाही. खरे कसब लागते ते छोट्या खंड्यासाठी आणि पावसाळ्यातील तिबोटीसाठी.

छोटा खंड्या चिमणीहून किंचित मोठा. त्याचा निळा रंग पिसांतील रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणाचा असतो. म्हणून तोच पक्षी सावलीत काळसर आणि उन्हात झगझगीत निळा दिसतो, आणि जांभळीच्या मुळांआड बसलेला असताना अनुभवी नजरेसही चकवतो. त्याला डोळ्यांनी शोधण्याआधी कानांनी शोधावे : पाण्यालगत सरळ रेषेत उडताना तो ‘ची’ असा बारीक, तीक्ष्ण स्वर काढतो, आणि तो स्वर कानी पडताच नजर पाण्याच्या पृष्ठभागाकडे न्यावी. दुसरी खूण विष्ठेची. पाण्यावर झुकलेली फांदी, बंधाऱ्याचा खुंट, शेतीपंपाचा नळ यांवर पांढरे ओघळ आढळले आणि त्याखाली खवले व बारीक काट्यांच्या, बोटांत धरताच चुरा होणाऱ्या करड्या गुठळ्या मिळाल्या, तर ती त्याची रोजची बैठक समजावी. या गुठळ्या म्हणजे न पचलेला भाग पक्ष्याने चोचीवाटे टाकलेला.

बैठक सापडली म्हणजे अर्धे काम झाले. तथापि येथेच बहुतेक हौशी मंडळी घाई करतात. पक्षी उडाला की काठाने त्याच्या मागे चालू लागावे, तो पुढच्या फांदीवर बसला की पुन्हा जवळ जावे, असा हा पाठलाग त्याच्या हद्दीच्या टोकापर्यंत चालतो. तेथून तो वळसा घालून मागे परततो आणि निरीक्षकाच्या हाती पाठमोऱ्या निळ्या रेषेखेरीज काही लागत नाही. उलट, खंड्या ठराविक बैठकांवर दिवसातून अनेकदा येत असल्यामुळे, सूर्योदयापूर्वी पोचून, समोरच्या काठावर, सूर्य पाठीशी ठेवून, आपली आकृती आकाशावर उमटणार नाही अशा बेताने झुडपाच्या सावलीत बसून राहावे. कपडे मळकट रंगाचे असावेत, हात स्थिर असावेत, आणि दुर्बीण आधीच डोळ्यांच्या उंचीवर असावी, कारण पक्ष्याला भिववते ते माणसाचे असणे नव्हे, त्याचे हलणे. नदीवर धुणे धुणाऱ्या बायका व गुरे पाजणारे गुराखी यांच्या सान्निध्यात तो निर्धास्तपणे मासे टिपतो, हे कशेळे-कडाव भागात कोणीही पाहू शकेल.

बसून राहणाऱ्यास जे दिसते ते असे. पक्षी डोके वरखाली हलवून अंतर अजमावतो, सूर मारतो, मासा घेऊन बैठकीवर येतो, त्याला फांदीवर दोन्ही बाजूंनी आपटतो आणि चोचीत फिरवून डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले व पर घशात अडकत नाहीत. परंतु मार्चपासून जूनपर्यंत, विणीच्या काळात, कधी मासा उलटा धरलेला दिसतो : त्याचे डोके चोचीच्या टोकाकडे, बाहेर. हा घास स्वतःसाठी नाही. तो जोडीदाराकडे किंवा बिळातील पिलांकडे जायचा आहे, आणि त्यांनाही तो डोक्याकडूनच गिळायचा आहे. असा मासा धरून पक्षी बैठकीवर खोळंबला, शेपटी झटकू लागला, वारंवार ओरडू लागला, तर तो आपल्या जाण्याची वाट पाहत आहे हे ओळखून निमूटपणे मागे सरावे. निरीक्षणाच्या साऱ्या शिष्टाचारात ही एक खूण आम्ही सर्वांत मोलाची मानतो. दुर्दैवाने छायाचित्रकारास नेमके तेच दृश्य हवे असते.

घरटे म्हणजे काठाच्या उभ्या मातीत चोचीने खणलेले, आत किंचित चढत जाणारे बीळ. वापरातील बिळाच्या तोंडाशी पायांच्या येरझाऱ्यांनी पडलेल्या दोन समांतर खाचा दिसतात. त्या दुर्बिणीतून पाहाव्यात. काठाच्या कडेवर उभे राहून वाकून पाहू नये, कारण ढेकूळ सुटून तोंड बुजण्यास एका माणसाचे वजन पुरते.

तिबोटी खंड्या हा रायगडचा जिल्हा पक्षी. तीनच बोटांचा, जेमतेम तेरा सेंटिमीटर लांबीचा, जांभळ्या-केशरी-पिवळ्या रंगांचा हा पाहुणा जूनच्या आरंभी, गावोगावी वलगणीचे मासे धरण्याची धांदल असते त्याच सुमारास, डोंगरपायथ्याच्या दाट रानातील पऱ्यांवर उतरतो. चार-पाच अंडी, सुमारे अडीच आठवडे उबवण, नंतर जवळजवळ तितकेच दिवस पिलांचे संगोपन, आणि वीण फसल्यास पुन्हा आरंभ, असा त्याचा सप्टेंबरपर्यंतचा क्रम. पिलांना तो पाली, सापसुरळ्या, कोळी, लहान खेकडे भरवतो. मुदत इतकी अपुरी, की घरट्यासमोर तासभर ठाण मांडणारा जमाव पिलांचा तेवढा आहार बुडवतो. पनवेल तालुक्यातील कर्नाळा अभयारण्यात या पक्ष्यासाठी दरवर्षी कॅमेऱ्यांची रीघ लागते. कर्जत-खालापूरच्या पऱ्यांवर तशी गर्दी न होण्यातच त्याचे कल्याण आहे. ध्वनिमुद्रित साद वाजवणे, फ्लॅशचा झोत टाकणे, आड येणाऱ्या फांद्या छाटणे, बिळासमोर आयती काडी रोवणे, या सर्व गोष्टींस येथे सक्त मज्जाव असावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी व घरटी यांना इजा करण्याचा किंवा ती विचलित करण्याचा अंतर्भाव आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. शिवाय हाच हंगाम दरडींचा : १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर कोसळलेली दरड विसरून उताराखालच्या ओढ्यात पावसात बसणे हे धाडस नव्हे, बेफिकिरी होय.

नोंदवहीत तारीख, वेळ, पाण्याची स्थिती, बैठकीचा प्रकार व भक्ष्य लिहावे. बिळाची जागा मात्र प्रसिद्ध करावयाच्या नोंदीत तालुक्यापलीकडे उघड करू नये, आणि छायाचित्र प्रसारित करायचे असेल तर पिले उडून गेल्यानंतरच करावे. नदीकाठी संरक्षक भिंतीचे किंवा बंगल्याच्या कुंपणाचे काम निघाले आणि उभ्या मातीच्या काठात चालू बिळे असली, तर ग्रामपंचायतीस वा वनपरिक्षेत्र कार्यालयास तसे लेखी कळवून पिले उडेपर्यंत काम तहकूब ठेवण्याची विनंती करावी. अर्जासोबत बिळाच्या तोंडाचे दुरून घेतलेले छायाचित्र व तारीख जोडावी.