अक्रोडाचा आवाज

१८०० सालच्या जानेवारीत, ऐन थंडीत, दक्षिण फ्रान्समधील आवेरों परगण्यात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. अंगावर धड कपडे नव्हते, शरीरभर जुने व्रण होते आणि तोंडातून एकही शब्द निघत नव्हता. बरीच वर्षे तो रानात एकटाच राहिला असावा. त्याच वर्षी त्याला पॅरिसला आणून मूकबधिरांच्या संस्थेत ठेवण्यात आले. फिलीप पिनेल या त्या काळच्या नामवंत डॉक्टरांनी त्याला तपासले आणि निर्वाळा दिला की हा मुलगा मुळातच मंदबुद्धीचा आहे, त्याच्यात सुधारणेची आशा नाही.

संस्थेतील झाँ इतार या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरांना हे पटले नाही. (आपल्या डी.एड.च्या पुस्तकांत त्यांचे नाव बहुधा ‘इटार्ड’ असे आढळते.) माणसांच्या सहवासावाचून वाढलेला मुलगा माणसांसारखा वागत नाही, यात नवल ते काय, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी मुलाला शिकवण्याची जबाबदारी घेतली आणि त्याचे नाव व्हिक्टर ठेवले.

पहिला प्रश्न होता तो कानांचा. इतारांनी व्हिक्टरच्या पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला. व्हिक्टरने त्याची फारशी दखल घेतली नाही. मग तो बहिरा होता का? नाही. पाठीमागे कोणी अक्रोड फोडला, की तो हटकून वळून पाही. अक्रोड त्याला फार आवडत. पिस्तुलाला त्याच्या आयुष्यात काही अर्थ नव्हता, अक्रोडाला होता. आवाज कानावर पडणे आणि त्याकडे लक्ष जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतारांनी त्या अक्रोडावरून ओळखले.

दोनशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आठवण्याचे कारण असे, की बालवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात न बोलणारे मूल आले म्हणजे आपणही पिनेल यांच्यासारखेच घाईने बोलून जातो. कोणी म्हणते, ‘डोक्याने कमी आहे.’ कोणी म्हणते, ‘जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा.’ कोणी धीर देते, ‘त्याचा बापही उशिराच बोलायला लागला होता.’ शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही विचारतो, ‘कान तपासले का?’ उत्तर ठरलेले असते, ‘हो, ताट वाजवले की वळतो ना!’

ताटाचा दणका म्हणजे इतारांचे पिस्तूलच. फरक एवढाच, की येथे फसगत उलट्या दिशेने होते. पिस्तुलाकडे दुर्लक्ष करणारा व्हिक्टर ऐकू शकत होता. ताटाकडे वळणाऱ्या मुलाला बोलणे ऐकू येतेच असे नाही. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, तर स, श, च यांसारख्या व्यंजनांचा बराच अंश वरच्या पट्टीचा आणि दुबळा असतो. ज्या मुलाला फक्त वरची पट्टी ऐकू येत नाही, त्याला कोणी तरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही. असे मूल हाकेला ओ देते, दार आपटले की दचकते आणि तरीही बोलत नाही. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठणाऱ्या मुलाला तर आज नीट ऐकू येते, उद्या येत नाही. घरचे लोक त्याला हट्टी ठरवतात.

ऐकण्याची खरी परीक्षा कशी घ्यावी, याला पुढे बराच काळ गेला. १९४४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आयरीन आणि अलेक्झांडर युइंग या दांपत्याने तान्ह्या मुलांचे ऐकणे तपासण्याची एक साधी रीत मांडली. एकाने समोर बसून बाळाचे लक्ष गुंतवायचे. दुसऱ्याने बाळाला दिसणार नाही असे मागून हलके आवाज काढायचे. कपावर चमचा फिरवायचा, पातळ कागद चुरगाळायचा, खुळखुळा वाजवायचा. युइंग यांच्या परीक्षेत दणका नव्हता. ओळखीचा, हलका आवाज होता.

या रीतीने पुष्कळ मुले हेरली गेली, पण काही निसटतही. शिवाय ती सात-आठ महिन्यांच्या आधी नीट करता येत नसे. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी एक नवलाची गोष्ट दाखवून दिली. निरोगी कान आवाज ऐकतो, तसाच स्वतः अतिशय सूक्ष्म आवाज बाहेरही टाकतो. कानात बारीकसा ‘टिक्’ आवाज सोडला, की काही सहस्रांश सेकंदांनी आतून प्रतिसाद येतो. हा प्रतिसाद टिपणारी उपकरणे पुढे तयार झाली आणि झोपलेल्या नवजात बाळाची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत करता येऊ लागली.

इतकी घाई कशासाठी? बोलण्याची तयारी पहिल्या शब्दाच्या खूप आधी सुरू होते म्हणून. १९८४ साली कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. इंग्रजीत या फरकाने अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्यांच्या कानांनी तो सोडून दिला होता. आपल्या घरी ‘ताक’ आणि ‘टाक’ दोन्ही रोज कानी पडतात, म्हणून आपले बाळ तो फरक जपून ठेवते. एक शब्दही न उच्चारता बाळाने वर्षभरात केवढे काम उरकलेले असते! ज्याच्या कानावर हे काही पडतच नाही, त्याचे ते वर्ष रिकामे जाते.

१९९८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील एक पाहणी प्रसिद्ध झाली. ख्रिस्तीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकण्यात दोष असलेली १५० मुले अभ्यासली. त्यांपैकी ७२ मुलांचा दोष वयाच्या सहा महिन्यांच्या आत कळला होता, ७८ मुलांचा त्यानंतर. लवकर कळून लगेच मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे होती.

मात्र भाषा म्हणजे केवळ आवाज नव्हे. जे बहिरे बाळ जन्मापासून खुणांची भाषा पाहते, ते हातांनी बोबडे बोल बोलते, असे लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांना १९९१ मध्ये आढळले. म्हणून यंत्र असो की खुणा, मुलाला लवकरात लवकर पूर्ण भाषा मिळणे महत्त्वाचे.

आता पुन्हा व्हिक्टरकडे वळू या. तो बोलावा म्हणून इतारांनी केलेला एक प्रयोग आपल्या परिचयाचा आहे. तहानलेल्या व्हिक्टरसमोर ते पाण्याचा पेला धरत, पाण्यासाठीचा फ्रेंच शब्द उच्चारत आणि पाणी रोखून धरत. व्हिक्टर तळमळला, पण बोलला नाही. पुढे ‘ले’ म्हणजे ‘दूध’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला, तोही दूध पेल्यात पडल्यावर, आनंदाने. मागण्यासाठी तो शब्द त्याने वापरला नाही. इतार निराश झाले. मग त्यांनी सुटी अक्षरे जुळवून शब्द करायला शिकवले. एका संध्याकाळी नेहमीच्या घरी दूध प्यायला जाताना व्हिक्टरने आपण होऊन चार अक्षरे खिशात घातली आणि तेथे पोहोचताच मेजावर ‘दूध’ हा शब्द जुळवला! ज्याला आशा नाही असे म्हटले गेले, त्याने आपल्या मनातले दुसऱ्यापर्यंत पोहोचवले होते.

‘आधी म्हण, मग देईन’ हा आपला घरोघरचा उपाय १८०१ सालीच फसलेला आहे. अडवणुकीने मूल बोलत नाही. ते जिकडे पाहते त्याविषयी समोर बसून बोलावे, त्याने बोट दाखवले तर तेही बोलणेच मानावे. ते ‘गाडी’ म्हणाले तर ‘हो, लाल गाडी आली’ असे वाढवून द्यावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे.

व्हिक्टर पुढेही बोलता झाला नाही. १८०६ साली इतारांनी शेवटचा अहवाल लिहिला. १८२८ साली व्हिक्टरचा मृत्यू झाला. तो स्वमग्न होता, की भाषेचे वय रानातच सरले, की दोन्ही, याचा वाद अजून मिटलेला नाही. पण इतारांची शिकवण्याची साधने वाया गेली नाहीत. त्यांचे शिष्य सेगाँ यांनी ती पुढे नेली. मारिया माँटेसरींनी या दोघांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. माँटेसरींची पद्धत ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडच्या मातीत रुजवली. आपल्या बालवाडीतील खरखरीत अक्षरांचे मूळ असे व्हिक्टरच्या खिशापर्यंत जाते.

शिक्षकाने निदान करायचे नसते, हेरायचे असते. वर्षाचे मूल बडबड करत नाही किंवा बोट दाखवत नाही, सोळा महिन्यांचे एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांचे ‘आई ये’ अशी दोन शब्दांची जुळणी स्वतः करत नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे नाहीसे होते, तर थांबू नये. घरात दोन भाषा आहेत म्हणूनही थांबू नये; दोन भाषांमुळे हा दोष उद्भवत नाही. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे बरोबरीला येतात हे खरे, पण नेमके कोणते मूल येईल हे आधी सांगता येत नाही. मदत लवकर सुरू केल्याने मात्र कोणाचेही नुकसान होत नाही.

कान, समज आणि संवाद, या क्रमाने तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्था १९८३ पासून हे काम करत आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. पथक आले की आपल्या मनातले मूल पुढे करावे. ‘बोलत नाही’ एवढेच न सांगता कशाकडे वळते, कशाकडे वळत नाही, हेही लिहून ठेवावे. रोज चार तास त्या मुलाबरोबर असणाऱ्या शिक्षकालाच त्याचा अक्रोड कोणता हे ठाऊक असते.