जमिनीवर पडलेला चिमटा

परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना मला एका बाटलीची आठवण होते. तिचा क्रमांक होता ५३-एन.

३० ऑक्टोबर १९०२ ची गोष्ट. पंजाबातले मलकोवाल हे गाव आज पाकिस्तानात आहे. प्लेगच्या भीतीने त्या दिवशी तिथे १०७ जणांनी लस टोचून घेतली. लस मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत बनलेली. ती शोधणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून पाहिली होती.

मलकोवालच्या एकोणीस जणांना मात्र धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. आणि त्या एकोणिसांनाही लस मिळाली होती त्या एकाच बाटलीतून.

ठपका आला हाफकिनवर. लसीत कार्बोलिक घालणे त्यांनी बंद केले होते. जंतू मारायला उष्णता पुरे, असा त्यांचा हिशेब. चौकशी समितीने म्हटले, बाटली मुंबईतच दूषित झाली असणार. साहेबांचे काम गेले.

पण जबानीत एक साधी गोष्ट होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्यानेच बूच काढले. आपण खाली पडलेला चमचा विसळून घेतो, तसेच! धनुर्वाताचे बीजाणू मातीत, शेणात वर्षानुवर्षे तग धरतात. असल्या बुचकळण्याने ते मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर नीट तापवायला हवा होता. जंतूंवर काम करणारे आजही सुई लालबुंद करतात, नळीचे तोंड ज्योतीवरून फिरवतात, बूच टेबलावर टेकवत नाहीत, ते याचसाठी.

दुसरा पुरावा नाकाचा. धनुर्वाताचे जंतू वाढले की द्रवाला घाण वास सुटतो. बाटली भरून महिना उलटला होता, तरी उघडताना डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. त्याच फ्लास्कमधून भरलेल्या बाकीच्या बाटल्याही निर्धोक निघाल्या. मग माती शिरली कुठे?

हे सरकारच्या गळी उतरायला पाच वर्षे लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परतले, पण मुंबईला नव्हे, कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये. तेव्हा ते हयात होते, आणि हिंदुस्थान सोडून त्यांना दहा वर्षे झाली होती.