घाट उतरताना

गाडीची ताकद चढणीवर कळते. तिचा भरवसा कळतो तो उतरणीवर. हा धडा बोरघाटाने आपल्याला फार पूर्वी दिला आहे. १८३० मध्ये तेथे गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये आगगाडी धावू लागली. काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ! पुढे सहाच वर्षांनी, जानेवारी १८६९ मध्ये, घाट उतरणारी एक आगगाडी ब्रेकना न जुमानता सुटली आणि उलटून पडली.

योगायोग पाहा. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणाने हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्याच्या ब्रेकमध्ये एक खोट होती: नळी फुटली की ब्रेक गेला. म्हणून १८७२ मध्ये त्याने युक्तीच उलटी केली. नळीत दाब आहे तोवर चाके मोकळी. दाब गेला की ब्रेक आपोआप लागावा. बिघाडानेच गाडी थांबवावी, असा हा शहाणा विचार!

मोटारट्रकने मात्र पुढे वेगळी वाट धरली. शाळेत आपण पास्कलचा नियम शिकतो: कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. त्याच नियमावर माल्कम लॉकहीडने तेलाचा ब्रेक बसवला. १९२१ मध्ये तो ड्यूसेनबर्ग मोटारीत आला, मग ट्रकांतही. दुसऱ्या महायुद्धातला जीएमसीचा अडीच टनी ट्रक घ्या. तो पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. त्याचे ब्रेक तेलाचे, जोडीला इंजिनाच्या ओढीवर चालणारा मदतनीस. पण सर्व चाकांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच. एका चाकाची नळी फुटली, तर सगळ्यांचेच ब्रेक जात. वेस्टिंगहाउसचा धडा येथे उपयोगी पडला नाही.

म्हणून अशा जुन्या ट्रकात सावध करणारा एकच दूत उरतो, तो म्हणजे पायाखालचे पेडल. त्याची भाषा जाणकार मिस्त्री ओळखतो. पेडल स्पंजासारखे दबले, तर तेलात हवा शिरली आहे. हवा दबते, तेल दबत नाही. ती बाहेर काढलीच पाहिजे. दोनतीनदा मारल्यावर पेडल वर येत असेल, तर बहुधा लायनर झिजून ड्रमपासून दूर गेले आहेत. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली बसले आणि बाहेर कोठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरातले रबर थकले. पेडल दगडासारखे कडक, पण गाडी थांबत नाही, तर मदतनीसाची नळी तरी फुटली असेल, नाहीतर लायनर तेलाने माखले असतील. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोष एखाद्या चाकात शोधावा.

तेलही म्हातारे होते. नेहमीचे ब्रेकचे तेल हवेतले पाणी पिते. डॉट ३ या प्रतीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही; पाणी प्यालेले तेल १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. लांब उतारावर ड्रम तापला की त्या तेलाची वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ पडते. सपाटीवर ठणठणीत वाटलेला ब्रेक घाटात दगा देतो, तो असा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्याचा तर मदतनीसही जातो. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण म्हणूनच खरी.

पुढे सुधारणा झाली. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दुहेरी तेलवाटा सक्तीच्या झाल्या. एक गेली तरी दुसरी राहावी. पण जुना ट्रक इतिहासाचा तो धडा चुकवून धावत असतो, आणि ती उणीव माणसाने भरून काढायची असते.

म्हणून घाटमाथ्यावर इंजिन चालू ठेवून गाडी उभी करावी, पेडल दाबून सावकाश दहा अंक मोजावेत. ते खाली गेले, तर प्रवास तेथेच थांबवावा. घरी दिवाळीच्या पणत्या लावून कोणी वाट पाहत असेल. थोडा उशीर झाला म्हणून त्या विझणार नाहीत.