घोडशिरेची गोष्ट

मंडळी, खुर्चीत बसल्या बसल्या टाचेच्या मागे हात लावून बघा. पोटरीकडून खाली येणारी, ताणलेल्या दोरीसारखी जी हाताला लागते, ती आपली घोडशीर. हिंदीत तिला घोडानस म्हणतात. शरीरातली सगळ्यांत जाड आणि बळकट दोरी हीच. पोटरीचे मोठे स्नायू या दोरीने टाचेच्या हाडाला बांधलेले आहेत. आपण चवड्यावर उभे राहतो, जिना चढतो, बस पकडायला धावतो, ते हिच्या जोरावर.

आता नावातली गंमत बघा. शीर म्हणजे रक्तवाहिनी, आणि नस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मज्जातंतू येतो. ही दोरी या दोन्हींपैकी काहीच नाही. आपल्या बोलण्यात मात्र सगळं एकच, 'शीर चढली', 'शीर आखडली', आणि त्यावर उपाय एकच, तो म्हणजे मालिश! या एका शब्दाच्या गोंधळाने किती पाय अधू झाले असतील कोण जाणे.

सुश्रुताच्या काळी हा गोंधळ नव्हता. त्याने सिरा वेगळ्या सांगितल्या, स्नायू वेगळे. संस्कृतात स्नायू म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्या. आपण हल्ली ज्याला स्नायू म्हणतो, ती त्याची पेशी. असे 900 स्नायू त्याने मोजले, आणि जाड दोरखंडांना कंडरा म्हणून 16 कंडरा सांगितल्या. नावेच्या फळ्या बंधनांनी घट्ट बांधल्या की नाव जशी भार वाहते, तसंच शरीराचं आहे, असा त्याचा दृष्टांत. स्नायूला इजा होणं हाड मोडण्यापेक्षाही घातक, असंही तो बजावतो.

तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरही असंच मत सांगितलं जातं. टाचेची दोरी चेचली किंवा कापली गेली तर भयंकर ताप येतो, भ्रम होतो आणि शेवटी मरण. घोडानस कापली की माणूस मरतो, ही समजूत जुन्या हिंदी कोशातही नोंदलेली आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच भीती का वाटावी? मला वाटतं, त्यांनी ही दोरी बहुधा तलवारीच्या घावातच तुटलेली पाहिली असणार. उघडी जखम, त्यात माती, मग पू आणि ताप. माणूस मरायचा तो जखम चिघळून, पण दोष लागला दोरीला.

पुराणकथांनी त्या भीतीत भरच घातली. आपल्याकडे जरा व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या तळपायाला लागला. ग्रीकांचा वीर अकिलीस टाचेतल्या बाणाने मेला. याच अकिलीसने मेलेल्या हेक्टरच्या टाचांमागच्या दोऱ्यांना भोकं पाडून, त्यांत वाद्या ओवून त्याला रथामागे फरफटत नेल्याचं होमरने वर्णन केलं आहे. या दोरीला अकिलीसचं नाव मिळालं ते मात्र फार उशिरा, 1693 मध्ये. फिलिप वेरहेयन या शरीरशास्त्रज्ञाने ते आपल्या ग्रंथात वापरलं. त्याचा स्वतःचा एक पाय तरुणपणीच कापावा लागला होता, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो.

भीती जायला सुरुवात झाली ती दोरी कातडीच्या आतच तुटलेल्या रुग्णांमुळे. 1726 मध्ये एडिंबरोचे डॉक्टर अलेक्झांडर मन्रो यांची स्वतःचीच घोडशीर तुटली. 1767 मध्ये लंडनचे प्रसिद्ध सर्जन जॉन हंटर यांचीही तुटली, म्हणे नाचताना! हंटर अंथरुणाला खिळून राहिले नाहीत. टाच वर उचललेली राहील अशी व्यवस्था करून, पट्टी बांधून ते हिंडत राहिले. मग त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. कातडीला बारीकसं छिद्र पाडून आतली दोरी कापायची आणि ठरावीक दिवसांनी उघडून बघायची. दोरी आपोआप सांधत होती. त्या मुक्या जीवांचं वाईट वाटतं, पण माणसाच्या मनातलं दोन हजार वर्षांचं भय त्यांनी घालवलं हेही खरं.

पुढे तर डॉक्टर हीच दोरी मुद्दाम कापू लागले. जन्मतः वाकड्या पावलांच्या मुलांत ती आखूड असते, टाच टेकत नाही. 1831 मध्ये जर्मनीत स्ट्रोमायर यांनी कातडीखालून ती कापून पाऊल सरळ केलं. 1836 मध्ये त्यांनी विल्यम लिटल या वाकड्या पायाच्या इंग्रज डॉक्टरला बरं केलं आणि लिटल ही विद्या लंडनला घेऊन गेले. आज पोन्सेटी पद्धतीत तान्ह्या बाळाचं पाऊल प्लॅस्टरने हळूहळू वळवतात, बहुतेकांची घोडशीर शेवटी कापतात आणि साधारण तीन आठवडे पुन्हा प्लॅस्टर घालतात. तेवढ्यात ती नव्या लांबीने सांधते. जिच्या तुटण्याला जग भ्यालं, ती कापून मुलं चालती होतात.

हे सगळं आठवायचं कारण आमच्याच नात्यातला एक जण. नाव सांगत नाही, तो हे वाचतो! वय चव्वेचाळीस. रविवारी बॅडमिंटन खेळताना त्याला वाटलं, मागून कुणी लाथ मारली. वळून पाहिलं तर कुणी नाही. दुखणं दोन दिवसांत कमी झालं, लंगडत चालताही येईना असं नव्हतं, म्हणून तीन आठवडे एका मालिशवाल्याकडे खेपा घातल्या. तोवर तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर गेली आणि साध्या उपचारांची वेळ निघून गेली. ऑपरेशन मोठं झालं, घरचे म्हणत होते, "पाय गेला पोराचा." पाय गेला नाही, पण वर्ष गेलं.

वेळेत ओळखायची रीत किती सोपी आहे! रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबायची. दोरी शाबूत असेल तर पाऊल हलतं. पूर्ण तुटली असेल तर सहसा हलत नाही. सिमंड्स यांनी 1957 मध्ये आणि थॉम्पसन यांनी 1962 मध्ये ही तपासणी लिहून ठेवली. पुढचा उपचार म्हणजे चवडा खाली करून प्लॅस्टर किंवा बूट, म्हणजे टोकं जवळ येतात, नाहीतर ऑपरेशन. कोणता बरा, यावर अजून चर्चा चालूच आहे. 2022 मध्ये नॉर्वेतल्या 526 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षअखेर सगळ्या गटांचे पाय साधारण सारखेच चालत होते. बिनऑपरेशनवाल्यांत दोरी पुन्हा तुटण्याचं प्रमाण जास्त, सुमारे 6 टक्के. ऑपरेशनवाल्यांत 1 टक्क्याहून कमी, पण त्यांच्यात मज्जातंतूला इजा जास्त. म्हणजे वय, काम, मधुमेह बघून डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. दोन्ही वाटांनी मूळ औषध एकच, वेळ आणि नेमाने व्यायाम.

क्रिकेटवेड्यांसाठी आपल्या नागपूरचंच उदाहरण. 2023 च्या विश्वचषकात 24 बळी घेणाऱ्या मोहम्मद शमीच्या याच दोरीवर फेब्रुवारी 2024 मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. त्यानंतरचा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना तो खेळला तो 6 फेब्रुवारी 2025 रोजी, आपल्या जामठ्याच्या मैदानावर. सगळ्यांत जास्त भार याच दोरीवर टाकणारा वेगवान गोलंदाज साधारण वर्षभराने धावत आला. घाईने नव्हे.

जाता जाता माझ्या वयाच्या वाचकांना एक सांगतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या प्रतिजैविकांनी ही दोरी दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. साठीपुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच तसा ठळक इशारा दिला आहे. गोळी मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. टाचेमागे दुखलं तर लगेच डॉक्टरांना विचारा.

आणि कुणाला मागून लाथ बसल्यासारखं वाटलं, मागे मात्र कुणीच नसलं, तर तेलाची बाटली फडताळातच राहू द्या. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. घोडशीर सांधते, फक्त तिची टोकं जवळ असताना.