शहरी तरुणांतील हिंसा : गिरणगाव आणि भिवंडीचा धडा

शहरातील तरुण गुन्हेगारीकडे का वळतो, या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात : एक गरिबी आणि दुसरे त्या तरुणाचा समाज. यांपैकी दुसरे उत्तर पूर्वग्रहातून आलेले आहे आणि पहिले अपुरे आहे. मुंबईचे गिरणगाव व शेजारची भिवंडी यांचा इतिहास हेच सांगतो.

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे परळ, लालबाग, भायखळ्याच्या चाळींत कोकण-घाटावरचे मराठी कामगार आणि मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर स्थिरावले. खोल्या लहान, पगार तुटपुंजा. वस्तीत दादाही होतेच. तरीही वाढत्या मुलापुढे एक वाट होती. बाप, काका किंवा गाववाला त्याला गिरणीच्या दारापर्यंत नेई. तो आधी ‘बदली’ म्हणून लागे, पुढे कायम होई. व्यायामशाळा, भजनी मंडळ, गावकीची खोली आणि युनियन यांमुळे वडीलधाऱ्यांची नजर त्याच्यावर राही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगार मात्र कायमचे घरी बसले. नुकसान केवळ पगाराचे नव्हते. बापाकडे मुलाला देण्यासारखी ओळख उरली नाही, आणि ती जागा टोळ्यांनी घेतली. टोळ्यांत मराठी घरांतील मुले होती, तशीच नागपाडा-डोंगरीची मुस्लिम मुलेही होती. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांची आणि १९९७ मध्ये खुद्द डॉ. सामंतांची हत्या झाली. १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध ‘मकोका’ कायदा आला. टोळ्यांवर वचक बसवणे कायद्याला शक्य होते. तुटलेली वाट सांधणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

मग रोजगार दिला की प्रश्न सुटतो काय? भिवंडी याचे उत्तर ‘नाही’ असे देते. तेथे यंत्रमागांवर काम होते. तरी १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. एका वस्तीचा दुसरीवर आणि दोन्ही वस्त्यांचा पोलिसांवर विश्वास नव्हता. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी आणि त्या भागाचे पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. नळाचे, मुलांच्या मारामारीचे किरकोळ तंटे तेथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. भिवंडी मात्र शांत राहिली.

तात्पर्य, तरुणाला हिंसेपासून दूर ठेवणाऱ्या गोष्टी दोन : कामाकडे नेणारी वाट आणि वस्तीत बोलता येईल अशी जागा. यांपैकी एकीने भागत नाही. अकरावी-बारावीत वर्ग सोडून जाणारा विद्यार्थी या दोन्हींपासून एकाच वेळी तुटतो. म्हणून हजेरीपटावरील अनुपस्थितीची खूण ही महाविद्यालयाला मिळणारी पहिली सूचना होय. तिची दखल पोलीसठाण्याच्या आधी शिक्षकाने घ्यावी, हे या इतिहासाचे सांगणे आहे.