वॉरंटी संपत आली आणि गाडीचा तोच बिघाड पुन्हा आला, तर काय करायचं?

कुंभार्ली घाटात गाडी पहिल्यांदा थरथरली तेव्हा आम्ही पाच जण आत होतो, एसी चालू होता आणि डिकी सामानाने भरलेली. चढावर इंजिनची ताकद एकदम गेली आणि डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. वर पोहोचून अर्धा तास थांबलो, तर गाडी पुन्हा ठीक. दोन-तीन दिवसांनी दिवाही आपोआप विझला. चिपळूणला परतल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी बाजारपेठेतून एक चक्कर मारली आणि कागदावर लिहिलं, 'गाडी तपासली, व्यवस्थित आहे.'

त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्याच बिघाडासाठी आम्ही आणखी दोनदा तिथे गेलो. एकदा प्लग बदलले आणि त्याचे पैसे घेतले. एकदा थ्रॉटल बॉडी साफ केली आणि "पेट्रोल खराब असेल" असं सांगितलं. दोन्ही वेळा घाटात तेच झालं. तिसऱ्या वेळेनंतर वॉरंटीची पुस्तिका काढून पाहिली, तर उरले होते फक्त १९ दिवस. या धावपळीत जे शिकलो, ते इथे मांडतो आहोत. आपल्या घरांत गाडी बहुतेक कर्जावर येते, हप्ते पाच-सात वर्षं चालतात आणि वॉरंटी मात्र त्याच्या निम्म्यातच संपते.

वॉरंटीत काय येतं, काय नाही

वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर या दोन्हींवर मोजली जाते आणि जे आधी पूर्ण होईल तिथे ती संपते. काही गाड्यांना २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, काहींना ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर अशी मुदत असते. आपल्या गाडीची नेमकी मुदत पुस्तिकेत पाहावी, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नये. ज्यांची गाडी रोज लांब पल्ल्याला जाते, त्यांची किलोमीटरची मर्यादा तारखेच्या कितीतरी आधी येते, आणि ते लक्षातच येत नाही.

कारखान्यात तयार होतानाचा किंवा मूळ मालाचा दोष वॉरंटीत येतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा येत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते. बाहेरून बसवलेला सीएनजी किट, वायर कापून लावलेली म्युझिक सिस्टीम किंवा जादा लाईट असेल, तर विजेचा कुठलाही दोष त्यावर ढकलला जातो. ठरलेल्या सर्व्हिस वेळेवर केल्याची नोंद नसेल तरी तसंच.

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. वॉरंटी फक्त जिथून गाडी घेतली त्या डीलरपुरती नसते. त्याच कंपनीच्या देशातल्या कुठल्याही अधिकृत सेंटरमध्ये ती चालते. चिपळूणला दाद लागत नसेल तर कराड, कोल्हापूर मोकळं आहे.

बिघाड 'सापडत नाही' म्हणजे काय

सगळ्यात त्रासदायक बिघाड म्हणजे जो येतो आणि जातो. आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्री चाचांनी गाडीला हातही न लावता एका वाक्यात सांगितलं, "मास्तर, गरम झाल्यावर आणि चढावरच करते ना? मग थंड गाडी सपाट रस्त्यावर फिरवून त्यांना काय सापडणार?"

बरोबर होतं ते. पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल असते. तिच्या आतलं वेष्टन कमजोर झालं की थंड असताना ती नीट चालते, पण तापली आणि इंजिनवर भार आला की ठिणगी चुकते. याला मिसफायर म्हणतात. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर साधारणपणे मिसफायर जोरात चालू आहे असं समजावं. अशा वेळी गाडी दामटवू नये, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं, आणि तो फार महाग भाग आहे.

गाडीचा संगणक हे सगळं लिहून ठेवतो. पी०३०२ असा कोड निघाला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०३ म्हणजे तिसऱ्यात. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, इंजिनचं तापमान, भार यांचीही नोंद राहते. पण सेंटरमध्ये पुष्कळदा होतं काय, तर मशीन लावतात, कोड पुसतात, दिवा जातो आणि गाडी 'दुरुस्त' होते. दिव्यासोबत पुरावाही जातो. म्हणून गाडी आत देतानाच सांगावं की कोड पुसण्याआधी स्कॅनचा छापील अहवाल द्या, निदान स्क्रीनचा फोटो काढू द्या. बॅटरीची तार काढली तरी ही नोंद बहुधा पुसली जाते, म्हणून घरी तो प्रयोग करू नये.

आणि चाचा कितीही भरवशाचे असले तरी वॉरंटीतली गाडी त्यांच्याकडून उघडून घेऊ नये. सल्ला घ्यावा, पाना लावू नये. आमच्या चाचांनी ते स्वतःच सांगितलं.

जॉब कार्ड हाच खरा कागद

गाडी आत देताना सर्व्हिस अॅडव्हायझर जो फॉर्म भरतो ते जॉब कार्ड. आपण तक्रार तोंडी सांगतो, तो त्याच्या भाषेत दोन शब्द लिहितो आणि आपण न वाचता सही करतो. आमच्या पहिल्या कार्डावर लिहिलं होतं 'जनरल चेकअप'. घाटाचा उल्लेख नाही, दिव्याचा नाही. पुढे हे कुणाला दाखवलं असतं तर आम्ही तक्रार केलीच नव्हती असाच अर्थ निघाला असता. आम्ही मुलांना वर्षभर 'प्रश्न नीट वाचा, मग सही करा' सांगत असतो, आणि स्वतः मात्र असं!

दुसऱ्या वेळी तर जॉब कार्ड उघडलंच नाही. "पाच मिनिटांत बघून देतो, कार्ड कशाला?" असं गोड बोलून गाडी आत नेली. कार्ड नाही म्हणजे गाडी तिथे आलीच नव्हती, हे लक्षात ठेवावं.

तक्रार लिहून घेताना ती आपल्या शब्दांत असावी आणि प्रत्येक वेळी तीच असावी. एकदा 'पिकअप नाही', एकदा 'झटके', एकदा 'आवाज' असं लिहिलं की एकाच बिघाडाचे कागदावर तीन बिघाड होतात. मग तो वारंवार येणारा दोष आहे हे दाखवता येत नाही. तिसऱ्या वेळी आम्ही सांगून लिहून घेतलं: 'इंजिन गरम असताना, चढावर, एसी चालू असताना झटके येतात, ताकद कमी होते, इंजिनचा दिवा लुकलुकतो. हीच तक्रार आधी दोन वेळा केली आहे.' आणि आधीच्या भेटींच्या तारखा.

कार्डावर आत येतानाचं किलोमीटर आणि तारीख असतेच. गाडी परत घेताना काय तपासलं, काय बदललं हेही लिहून मागावं. 'दोष आढळला नाही' असं लिहिणार असतील तर लिहू द्या. तोही आपल्याच कामाचा पुरावा आहे, कारण पुढच्या वेळी तोच दोष पुन्हा नोंदवला जाणार आहे. शेजारी बसलेल्या माणसाने मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा, त्यात डॅशबोर्डचा दिवा आणि किलोमीटर दिसावेत. चालवणाऱ्याने घेऊ नये.

शेवटचे काही आठवडे

वॉरंटीत नोंदवलेली आणि न सुटलेली तक्रार तारीख उलटली म्हणून संपत नाही. प्रश्न फक्त ती मुदतीत नोंदवली होती हे दाखवण्याचा असतो. म्हणून मुदत संपण्याच्या दीड-दोन महिने आधी गाडीच्या सगळ्या लहानमोठ्या तक्रारींची यादी करून एकदा कार्ड उघडून घ्यावं. भाग ऑर्डरवर आहे म्हणाले, तर 'वॉरंटीत मंजूर, भाग मागवला आहे' असं त्याच कार्डावर लिहून घ्यावं. नाहीतर भाग यायला महिना लागतो आणि आल्यावर बिल हातात येतं.

१९ दिवस उरले असताना आम्ही सेंटरच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ई-मेल पाठवला. मजकूर साधा होता:

'आमच्या गाडीत (नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक) खालील दोष पहिल्यांदा या तारखेला, इतक्या किलोमीटरवर कळवला. त्यानंतर आणखी दोन वेळा गाडी आणली. दोष कायम आहे. गाडीची वॉरंटी या तारखेला संपते. कृपया आमच्यासोबत घाटात चाचणी घेऊन मूळ कारण शोधावे व दोष वॉरंटीत दूर करावा. तोपर्यंत ही तक्रार वॉरंटीत नोंदवलेली व प्रलंबित आहे, याची लेखी पोच द्यावी.'

रागाचा एक शब्द नव्हता, आणि तेच बरं झालं. चौथ्या दिवशी फोन आला. आम्ही कराडच्या सेंटरला गाडी न्यायची तयारी दाखवली, म्हणजे घाट आपोआप वाटेत आला. सेंटरचा एक तंत्रज्ञ स्कॅनर लावून आमच्याच गाडीत बसला. अर्ध्या घाटात झटके आले आणि कोड निघाला, पी०३०२. वर पोहोचल्यावर त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. पुढच्या चढावर कोड आला पी०३०३. कॉइलसोबत दोष हलला, म्हणजे दोष कॉइलचा. प्लग, पेट्रोल, वायरिंग सगळे सुटले. पंधरा मिनिटांची ही तपासणी दोन महिने कुणी केली नव्हती.

कॉइल वॉरंटीत बदलली, तेव्हा ११ दिवस शिल्लक होते. इथे एक सावधगिरी: वॉरंटीत बदललेल्या भागाला बहुतेक कंपन्या नवी पूर्ण वॉरंटी देत नाहीत, मूळ मुदतीचे उरलेले दिवसच देतात. म्हणून गाडी मिळाली की त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भाराने लगेच फिरवून पाहावी. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्यावी, आणि तिच्यात कुठले भाग येतात ते आधी वाचावं.

तरीही ऐकलं नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. ती निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच चाकं फिरतात. त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. गाडी पुण्याला घेतली म्हणून पुण्याला खेटे घालायची गरज नाही. वस्तूची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. त्यात डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही सामनेवाले करावं, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठी 'लेमन लॉ' नावाचे वेगळे कायदे आहेत. आपल्याकडे तसा कायदा नाही. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची आहे, त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. त्यामुळे पहिल्याच पत्रात 'नवी गाडी द्या' म्हणण्यापेक्षा दोष दूर करणं, झालेला खर्च आणि त्रासाची भरपाई मागणं पदरात पडण्यासारखं असतं. मूळ उत्पादनातलाच दोष आहे असं म्हणायचं असेल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तिथे ती जॉब कार्डं पुन्हा कामी येतात.

टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाऱ्या भावांनी 'व्यवसायाची गाडी, ग्राहक कायदा लागू नाही' या उत्तरावर परत फिरू नये. स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी गाडी घेतली असेल तर कायदा तिच्या मालकालाही ग्राहकच मानतो. वॉरंटीच्या अटी मात्र अशा गाड्यांना वेगळ्या असू शकतात, त्या पुस्तिकेत पाहाव्यात.

आमचा कुंभार्ली घाट आता पाच जणांसह एसी लावून निघतो. दोष कॉइलचा निघाला, मग प्लगचे पैसे कशासाठी घेतले, असा दुसरा ई-मेल आम्ही केला आहे. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.